लोणारचं पाणी आणि देशाचा शब्द

21 मे 1853 रोजी हैदराबादेत एका तहावर सह्या झाल्या आणि वऱ्हाडचा मुलूख निजामाच्या हातून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. निजाम नासिर-उद्-दौला मनातून राजी नव्हता. पण हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज त्याच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसली जात होती, तिच्या पगाराची देणी तुंबली होती, आणि त्या देण्यापोटी गव्हर्नर जनरल डलहौसीला मुलूख हवा होता. वऱ्हाडाबरोबर मेहकर गेलं, मेहकरजवळचं लोणार गेलं, आणि लोणारच्या खोल खळग्यातलं खारं तळंही गेलं.

तह कागदावर वाचला तर अगदीच एकतर्फी नव्हता. ताबा इंग्रजांचा, पण मालकी निजामाची. इंग्रजांनी दरसाल चोख हिशेब द्यायचा आणि फौजेचा व कारभाराचा खर्च जाऊन जे उरेल ते निजामाकडे पोचतं करायचं, असं त्यात स्पष्ट होतं. सात वर्षांनी, 1860 मध्ये, तहाला दुरुस्ती झाली आणि हिशेब मागायचा हक्कच निजामाला सोडावा लागला. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून पुढे कितीतरी वर्षं अर्जविनंत्या केल्या. 1876 मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले, पण वऱ्हाड मिळालं नाही. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने दरसाल 25 लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टा लिहून घेतला. आणि 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने निजामाला जे पत्र धाडलं, त्याचा मथितार्थ असा होता की इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा अधिकार हिंदुस्थानातल्या कोणत्याही राजाला नाही. दिलेला शब्द पाळायचा की नाही, हे ज्याच्या हाती बळ आहे तो ठरवणार, हे आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातीने असं सत्तर-ऐंशी वर्षं पाहिलं आहे.

ही जुनी कहाणी आधी सांगण्याचं कारण 22 जुलै 2020 ही तारीख. त्या तारखेने लोणार पुन्हा एकदा आंतरराष्ट्रीय दप्तरात दाखल झालं. रामसर करारानुसार जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी ठेवली जाते, तिच्यात लोणार सरोवराची नोंद 2441 या क्रमांकाने झाली. क्षेत्र 427 हेक्टर. दिल्लीतून जाहीर घोषणा झाली ती नोव्हेंबरात. महाराष्ट्रातून त्याआधी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर एवढं एकच ठिकाण यादीत गेलं होतं. या वेळी कुणी फौजेची थकबाकी पुढे केली नव्हती. एका सार्वभौम देशाने आपण होऊन आपल्या भूमीतल्या एका तळ्याचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, याची काळजी आम्ही घेऊ, जगाच्या वतीनेही घेऊ.

अशा शब्दाला पुढे काय अर्थ उरतो? तो मोडला तर कोण विचारणार? या प्रश्नाचं उत्तर जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या इमारतींत शोधायची आपल्याला सवय आहे. मला ते लोणारच्या काठावर जास्त स्पष्ट दिसतं.

आधी तळं. वऱ्हाडच्या काळ्या पत्थरात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा जवळजवळ वाटोळा खळगा आहे. काठावरून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोली. आत चारी बाजूंनी उतरणारं जंगल, मध्ये हिरवट खारं पाणी, आणि काठाने उभी जुनी मंदिरं. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. जे जातं ते उन्हाने वर जातं. त्यामुळे हजारो वर्षं क्षार साठत राहिले आणि पाण्याचा सामू साडेदहाच्या घरात गेला. म्हणजे धुण्याच्या सोड्याइतकं अल्कधर्मी पाणी. त्यात मासा जगत नाही. मात्र असे सूक्ष्मजीव जगतात, जे गोड्या पाण्यात तग धरू शकणार नाहीत.

लोकांनी या तळ्याचा अर्थ आपल्या परीने लावला होताच. लवणासुराला विष्णूने इथेच मारलं, ही कथा लोणारच्या पोरासोरांना ठाऊक असते आणि गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर त्याच कथेचं आहे. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे. ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात, असं तो सांगतो; आणि लगेच व्यवहारावर येऊन नोंदवतो की या तळ्यात काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो आणि त्यातून सरकारात बरा महसूल येतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर क्षारांचे थर उघडे पडत. ते खरवडून, वाळवून, प्रतवारी लावून विकले जात. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या क्षारांची नावं इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत सापडतात. त्या काळी सरकारच्या लेखी लोणार म्हणजे उत्पन्नाची एक बाब होती.

1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेचं वैशिष्ट्य नोंदवलं, तेव्हापासून हा खळगा झाला कसा याचा वाद सुरू झाला. पुष्कळ वर्षं बहुतेकांनी ज्वालामुखीला श्रेय दिलं. चहूकडे ज्वालामुखीचाच खडक, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. 1896 मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट याने ॲरिझोनातल्या विवराची चर्चा करताना लोणारशी त्याची तुलना केली. निर्णायक पुरावा मात्र 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हाती आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून तळाला बोअर घेतले. वर आलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा आघात झाला की त्याची ही काच बनते, आणि असला दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. 1973 मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध 'सायन्स' नियतकालिकात आला आणि अशनीच्या आघाताची बाजू पक्की झाली. नुकतीच माणसं चंद्रावर उतरून आली होती. चंद्रावरची मोठी मैदानं बेसाल्टची, आणि पृथ्वीवर बेसाल्टमधलं इतकं नीट टिकलेलं आघातविवर म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं. वयाचा वाद अजून मिटलेला नाही. आधीच्या मोजणीत सुमारे 52 हजार वर्षं आली होती. 2011 मधल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ती पाच लाख सत्तर हजारांच्या घरात नेली.

लोणारच्या तळाला बोअर घेतले जात होते, त्याच सुमारास तिकडे इराणात कास्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी वेगळंच काही घडत होतं. 2 फेब्रुवारी 1971 रोजी अठरा देशांच्या प्रतिनिधींनी पाणथळ जागांच्या कराराचा मसुदा मान्य केला. भारताचे प्रतिनिधी तिथे होते, पाकिस्तानचे होते, सोव्हिएत रशियाचे होते, ब्रिटन आणि फ्रान्सचेही होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना ही मंडळी एका मेजावर बसली ती बदकांसाठी. 1962 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कामार्गच्या दलदलीत या विचाराला तोंड फुटलं होतं. स्विस पक्षितज्ज्ञ लुक हॉफमन, ब्रिटनचे जेफ्री मॅथ्यूज आणि इराणचे इस्कंदर फिरूझ अशा मोजक्या माणसांनी तो नेटाने लावून धरला. 1968 मध्ये लेनिनग्राडला बैठक ठरली, पण रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसल्याने अनेक देश तिकडे फिरकलेच नाहीत. तरी काम बंद पडलं नाही. कारण प्रश्न कोणत्याही एका देशाच्या आवाक्यातला नव्हता. लालसरी बदक उन्हाळ्यात उत्तरेकडे सैबेरियापर्यंत घरटी करतं आणि थंडीत आपल्याकडे येतं. एका देशाने तळी राखली आणि वाटेतल्या दुसऱ्याने बुजवली, तर राखणाऱ्याच्या हातीही काही उरत नाही. भरतपूरला हिवाळ्यात उतरणारे सैबेरियन क्रौंच 2002 नंतर दिसलेच नाहीत. वाटेवरच्या देशांतली शिकार आणि आटलेली पाणथळं यांची किंमत भरतपूरने मोजली.

करार 1975 च्या डिसेंबरात अमलात आला आणि 1982 च्या फेब्रुवारीपासून तो भारतावर बंधनकारक झाला. चिलिका आणि भरतपूरचं केवलादेव ही आपली पहिली दोन नावं. कराराचा मजकूर चार-पाच पानांत मावेल एवढाच, पण नीट वाचण्यासारखा. यादीत जागा घातल्याने त्या जागेवरचं देशाचं सार्वभौमत्व कमी होत नाही, हे त्यात आधीच सांगून टाकलं आहे. वऱ्हाडच्या तहाशी इथेच काडीमोड होतो: जमीन कुणाकडे सोपवायची नाही, जबाबदारी तेवढी अंगावर घ्यायची. मग ती जबाबदारी कोणती? यादीतल्या जागा जपल्या जातील असं नियोजन करायचं. पाणथळ जागांचा वापर राखून, जपून करायचा. देशाच्या निकडीच्या हितासाठी एखाद्या जागेची हद्द कमी करायची वेळ आली, तर शक्यतो तिची भरपाई दुसरीकडे करायची. आणि तिसऱ्या कलमातलं दुसरं उपकलम, जे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: यादीतल्या जागेचं पर्यावरणीय स्वरूप माणसाच्या हस्तक्षेपामुळे बदललं असेल, बदलत असेल किंवा बदलण्याचा संभव असेल, तर ते विनाविलंब कळवायचं.

म्हणजे देशाने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची. आपल्या घरात काय बिघडलं आहे हे दुसऱ्याने येऊन दाखवण्याआधी आपण सांगायचं. 1990 पासून अशा बिघडलेल्या जागांची मॉन्ट्रो नोंदवही नावाची वेगळी यादी ठेवली जाते. केवलादेव तिच्यात आहे, मणिपूरचं लोकताक आहे. चिलिका 1993 मध्ये तिच्यात गेलं, समुद्राकडचं नवं मुख उघडून सरोवर सावरलं आणि 2002 मध्ये ते नोंदवहीतून बाहेर आलं. नाव गेलं म्हणून भारताची अब्रू गेली नाही. उलट दुरुस्तीसाठी पैसा, तज्ज्ञ आणि लक्ष तिकडे वळलं.

करारात शिक्षा नाही. दंड नाही, फौज नाही. म्हणून अनेकांना असले करार पोकळ वाटतात आणि तो आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण लोणारचा इतिहास पाहिला तर जगाला दिलेल्या शब्दाची अंमलबजावणी कोणत्या वाटेने होते हे कळतं. आपल्या राज्यघटनेचं 51 वं कलम आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांतली बंधनं यांविषयी आदर जोपासायला सांगतं. केंद्राने 2017 मध्ये पाणथळ जागांचे नवे नियम काढले आणि रामसर यादीतल्या जागांना ते थेट लागू केले. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, कचरा टाकणं, भराव घालणं, पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करणं, या सगळ्यांना तिथे बंदी. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांना संरक्षण देताना, आपापल्या राज्यातल्या रामसर स्थळांवर उच्च न्यायालयांनी स्वतः लक्ष ठेवावं असंही सुचवलं. इराणातल्या त्या गावी दिलेला शब्द अशा रीतीने दिल्लीमार्गे नागपूरला पोचला.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारचा विषय आधीपासूनच होता. लोणारच्या काही नागरिकांनी जनहित याचिका केली होती, आणि रामसरचा शिक्का बसण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं कागद घेऊन फेऱ्या मारत होती. 2000 साली सरोवर अभयारण्य झालं, तरी गावाचं सांडपाणी उताराने खळग्याकडे जातच राहिलं. उतारावर आणि काठाबाहेर शेती. पावसाबरोबर खतं आणि फवारणीची औषधं आत येणार. वेडी बाभूळ झपाट्याने पसरून मूळची झाडं मागे सारत होती. न्यायालयाने यांतल्या एकेका गोष्टीची विचारणा केली: सांडपाण्याचं काय झालं, बाभूळ किती काढली, अतिक्रमणं कुठे आहेत, निधी का अडला. पुढाऱ्यांच्या भाषणांत न येणारे हे प्रश्न. पण जगापुढची जबाबदारी म्हणून जे काही असतं, ते प्रत्यक्षात याच प्रश्नांचं बनलेलं असतं. देशाचा शब्द खरा की खोटा, हे शेवटी एका तालुक्याच्या गावात गटाराचं पाणी कुठल्या दिशेने वाहतं यावर ठरतं.

2020 च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा हे सारं देशाच्या नजरेत भरलं. टाळेबंदीचे दिवस, घराघरात माणसं मोबाइल धरून बसलेली. गुलाबी लोणारची छायाचित्रं जगभर फिरली. न्यायालयाने दखल घेतली, वनखात्याने नमुने घेतले, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे तपासणी झाली. आघारकरमध्ये निष्पन्न झालं ते असं: उन्हाळ्यात पाणी कमी झालं, क्षार वाढले, आणि खारटपणात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्या अंगचा गुलाबी रंग पाण्याला चढला. नमुन्याची बाटली काही दिवस स्थिर ठेवली की गुलाबी गाळ खाली बसे आणि वरचं पाणी नितळ होई. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, जिवांचा होता. पाऊस पडला आणि तळं पुन्हा हिरवट झालं. त्या जूनमध्ये अनेकांना तळं आजारी पडल्यासारखं वाटलं होतं. खरं पाहता ते आपल्या स्वभावाला धरूनच वागत होतं.

आजाराचं लक्षण नंतर आलं, आणि ते छायाचित्रात तितकं उठून दिसत नाही. पूर्वी पाणी आटतंय म्हणून ओरड व्हायची. अलीकडच्या वर्षांत पाणी चढू लागलं. काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत ते येऊन पोचलं. नवरात्रात जिथे भाविकांची रीघ लागते, तिथे पाण्याची धास्ती. न्यायालयाला हा विषयही हाती घ्यावा लागला.

इतर कोणत्याही तलावात पाणी वाढलं, गोडं झालं, तर गाव आनंदाने नारळ फोडेल, आणि आमच्या वऱ्हाडात तर नक्कीच. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागणाऱ्या मुलखात पाण्याला नको कोण म्हणेल? पण लोणारचं लोणारपण खारटपणात आहे. गोडं पाणी वाढत गेलं, क्षार पातळ झाले, सामू उतरला, तर या पाण्यातच जगणारे सूक्ष्मजीव जातील आणि त्यांची जागा कोणत्याही डबक्यात सापडणारे जीव घेतील. तळं भरलेलं दिसेल, पर्यटकांना आवडेलही, आणि ज्या कारणासाठी आपण त्याचं नाव जगाच्या यादीत लिहिलं ते कारण निघून गेलेलं असेल. तिसऱ्या कलमात 'बदलण्याचा संभव' हे शब्द आहेत, ते नेमके अशा वेळेसाठी. वाढीला पाऊसमान किती कारणीभूत, काठाबाहेर अडवलेलं आणि मुरवलेलं पाणी किती, सांडपाणी किती, हे शोधून काढणं हे शास्त्रज्ञांचं काम. ते शोधून घेणं आणि उत्तर मोकळेपणाने जगापुढे ठेवणं हे सरकारचं काम. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाजिरवाणं ठरेल ते लपवणं.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लोणारकरांची आहे. देशाने जगाला शब्द दिला, पण त्याची झळ सोसतो तो काठावरचा शेतकरी, खाली गुरं न्यायची ज्याला मनाई झाली तो गुराखी, काठावरच्या झऱ्याच्या धारेवर पिढ्यान्‌पिढ्या स्नान केलेला म्हातारा माणूस. 1853 मध्ये लोणारच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, कारण तो काळच तसा होता. 2020 मध्ये त्याला किती विचारलं गेलं? रामसरच्या करारात माणसाला पाण्यापासून हाकलून द्यायला सांगितलेलं नाही. जपून वापरायला सांगितलं आहे; कमळजा देवीची जत्राही त्यात बसते आणि काठावरचं रानही. रसायनांशिवाय शेती करायला सांगायची, तर पहिल्या वर्षांत उतारा घटेल त्याची तूट कुणीतरी भरायला हवी. सांडपाणी वळवायचं, तर तो खर्च एका लहान नगरपालिकेच्या बोकांडी टाकून चालणार नाही. ज्याचं नाव जगापुढे उजळतं त्या देशाने खर्चाचा वाटा उचलायला हवा. आणि ज्या श्रीमंत देशांच्या धुरामुळे आपल्याकडचं पाऊसमान बिघडत आहे, त्यांनीही आपला वाटा उचलायला हवा. आंतरराष्ट्रीय कर्तव्य दोन्ही बाजूंनी वाहतं. लोणारने जगाला काय द्यायचं हे जितकं विचारायचं, तितकंच जगाने लोणारला काय द्यायचं हेही विचारायचं.

यादीत जाताना भरलेल्या माहितीपत्रकात लोणारच्या नावापुढे 160 जातींचे पक्षी, 46 जातींचे सरपटणारे प्राणी आणि 12 जातींचे सस्तन प्राणी नोंदवले आहेत. लालसरी आहे, पांढऱ्या मानेचा करकोचा आहे, लांडगा आहे. बेसुमार पर्यटनाचा धोकाही त्यात नमूद आहे. ही माहिती दर सहा वर्षांनी ताजी करून पाठवायची असा रामसरचा नियम आहे. 2020 पासून सहा वर्षं धरली की लोणारची पाळी 2026 मध्ये येते. पाण्याची पातळी, क्षारांचं प्रमाण, सामू, कमळजा देवीच्या मंदिराशी पोचलेलं पाणी, उतारावरून येणाऱ्या ओहोळांत काय सापडलं, हे सगळं त्या रकान्यांत आकड्यांनिशी भरावं लागेल. ते आकडे गोळा करायचं काम लोणारात, मेहकरात, बुलढाण्यात बसलेल्या माणसांचं आहे, आणि त्याखाली नाव भारताचं असणार आहे.